खंजिरीची गावे

ज्या गायकाच्या स्वराने आपले तारुण्य भारून टाकले त्याचे जन्मगाव, त्याचे गुरुस्थान, त्याला जेथे कैद भोगावी लागली त्या तुरुंगाची भिंत आणि जेथे त्याचा देह मातीस मिळाला ती जागा, ही सारी स्थळे एकामागून एक डोळ्यांखाली घालावीत अशी इच्छा रसिकाच्या मनात उत्पन्न व्हावी की न व्हावी, आणि झालीच तर ती पुरवावी की आवरावी, या प्रश्नावर धानोऱ्यात गेल्या पावसाळ्यात दोन वृद्ध गृहस्थांमध्ये जो वाद झाला, तो मला आठवतो तसा, शक्यतो त्यांच्याच शब्दांत येथे उतरवीत आहे. वादाचा विषय राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे खंजिरीभजन हा होता. या मुलखातील वाचकास त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत भजनमंडळ आहे आणि खंजिरी नाही असे खेडे शोधूनच काढावे लागेल.

वादी पक्ष नाझरसाहेबांचा. तहसील कचेरीत जन्मभर सरकारी रोकड, जडवस्तू आणि जप्तीचा मुद्देमाल यांच्या फेरिस्ती राखल्यामुळे, कोणतीही गोष्ट नोंदवहीत चढल्याखेरीज ती अस्तित्वात आहे असे त्यांना मनापासून वाटत नाही. ईश्वराविषयी त्यांचे मत अनुकूल की प्रतिकूल हे इतक्या परिचयानंतरही मला उमगलेले नाही. परंतु डाव्या हाताच्या बोटांनी कातडे आतून दाबून खंजिरीचा नाद कसा चढवावा आणि उतरवावा, याविषयी ते तासभर बोलू शकतात आणि बोलतात. प्रतिवादी पक्ष गुरुजींचा. हे जातीने गोंड, मूळचे रांगीकडचे, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, आणि डोक्यावर गुरुदेव सेवा मंडळाची भगवी टोपी असलेले. सायंकाळची सामुदायिक प्रार्थना आणि ग्रामसफाई यांखेरीज त्यांना तिसरे व्यसन नाही. अशा जोडीत सेवेकऱ्याने यात्रेस निघावे आणि रसिकाने घरी बसून ध्वनिमुद्रणे ऐकावीत अशीच कोणाचीही अपेक्षा असणार. येथे मात्र बिऱ्हाड बांधून बसला होता रसिक, आणि त्याच्या वाटेत आडवा उभा होता सेवेकरी.

नाझरांनी गुरुजींच्या ओसरीवर ठेवलेल्या फेरिस्तीत आठ नोंदी होत्या : यावली, वरखेड, रामदिघी, गोंदेडा, सेवाग्राम, चिमूर, नागपूरचा मध्यवर्ती तुरुंग आणि मोझरी. प्रत्येकीपुढे अंतर, मुक्काम आणि एस. टी.ची गाडी कोठे बदलायची, याचा तपशील होता. गुरुजींनी कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला.

गुरुजी : नाझरभाऊ, ही यात्रा म्हणावी की पंचनामा?

नाझर : पंचनामाच म्हणा, माझी हरकत नाही. माझा भाचा विलायतेत नोकरीस आहे, हे तुम्हांस ठाऊक आहेच. त्याला त्या बीटल्स नावाच्या चौघा गवयांचे वेड. सुटी मिळताच तो लिव्हरपूलला गेला आणि तेथे त्याने काय पाहिले? म्युनिसिपालिटीने बांधलेले एक साधे भाड्याचे घर, जेथे त्या चौघांपैकी एक जण लहानाचा मोठा झाला. त्या घराची जपणूक 1995 पासून तेथला राष्ट्रीय न्यास करतो. लंडनमध्ये तर रस्ता ओलांडण्याचे नुसते पांढरे पट्टे आहेत. त्यांवरून ते चौघे 1969 साली एका तबकडीच्या वेष्टनासाठी चालत गेले, एवढ्या कारणावरून 2010 साली ते पट्टे संरक्षित वास्तूंच्या यादीत चढविले गेले. हे लोक रस्त्यावरच्या पट्ट्यांचा दाखला राखतात, आणि आपल्या उशाशी, चिमूर तालुक्यात, ज्या गुहेत एका मुलाचा आवाज घडला तिचे आपण नाव तेवढे ऐकतो!

गुरुजी : मग तुमच्या भाच्याने ते चौघे ज्या तळघरात गात असत तेही पाहिले असेल.

नाझर : पाहिले तर. अर्थात मूळचे तळघर 1973 मध्ये बंद पडून बुजविले गेले. पुढे 1984 साली बऱ्याच अंशी त्याच जागेवर, जुन्या विटा वापरून, ते पुन्हा उभारले.

गुरुजी : म्हणजे विटा जुन्या, भिंत नवी, आणि गाणारे कोणीच नाही. भाऊ, इतका खर्च करून तुमच्या भाच्याने विटा पाहिल्या. गाणे तर त्याच्या खिशातल्या यंत्रात होते, आणि ते त्याने लिव्हरपूलला जाण्यापूर्वीच ऐकले होते.

येथे नाझर थोडे चपापले, असे मला वाटले. पण फेरिस्त राखणारा मनुष्य एका नोंदीवरील हरकतीमुळे सगळे दफ्तर सोडून देत नाही. त्यांनी लगेच गोंदेड्याची नोंद पुढे केली. आणि माझ्या मते त्यांच्या सगळ्या प्रतिपादनात सर्वांत बळकट भाग हाच होता, म्हणून तो मी विस्ताराने देतो.

नाझर : विटा राहू द्या. मी तुम्हांस वाद्याविषयी विचारतो. खंजिरी हे वाद्य किती लहान! वीतभर व्यासाचे लाकडी कडे, एका तोंडावर ताणलेले कातडे, आणि कड्याच्या खाचांतून अडकविलेल्या पितळी चकत्या. तबल्याला जोडी लागते, पेटीला बैठक लागते, वीणेला खांदा आणि मृदंगाला गळपट्टा. खंजिरी डाव्या पंजात मावते आणि गाणारा स्वतःच स्वतःचा साथीदार होतो. लय आवळायची की सोडायची, यासाठी त्याला मागे वळून कोणाकडे पाहावे लागत नाही. आता ध्यानात घ्या : बंडोजी आणि मंजुळाबाई यांचा माणिक 1909 साली यावलीस जन्मतो, वरखेडला आडकोजी महाराजांच्या पायाशी बसतो, तेथे त्याला ‘तुकड्या’ हे नाव मिळते, आणि वयात येण्यापूर्वीच तो घर सोडून रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदेडा अशा रानांतून हिंडतो. अशा मुलाने पेटी वाहून नेली असती का? ज्याला रानातून पायी चालायचे आहे, आणि गावात शिरताच, ना मंडप ना ध्वनिक्षेपक अशा उघड्या पारावर, चारपाचशे माणसांना ऐकू जाईल असे गायचे आहे, त्याच्या हाती खंजिरीच यायची. आणि ती आली म्हणून ओळी आखूड झाल्या, ध्रुपद समुदायाच्या तोंडी सहज बसेल असे झाले, आवाज वरच्या पट्टीत गेला. हे मी ध्वनिमुद्रण ऐकून केवळ तर्काने म्हणतो आहे. गोंदेड्याच्या गुहेपुढे उभा राहीन तेव्हा त्या तर्काला साक्षीदार मिळेल.

गुरुजी : आणि मिळाला नाही तर?

नाझर : तर तर्क खोटा ठरेल. तेही कळलेले बरे. आपल्या झाडीत आषाढ-श्रावणात कातड्याचे काय होते, हे तुम्ही रोज पाहता.

गुरुजींनी हे पाहिले होते यात शंका नाही, कारण त्या क्षणी त्यांच्या ओसरीत, चुलीतून काढलेल्या निखाऱ्यांच्या घमेल्यावर, त्यांचा नातू एक खंजिरी उलटी धरून शेकीत होता. हवेतील ओलाव्याने कातडे सैल पडते आणि थाप मारली की पिशवीवर मारल्यासारखा बद्द आवाज येतो. निखाऱ्यावर ते हळूहळू आवळते, पण हात क्षणभर अधिक रेंगाळला तर तडकते, म्हणून मुलगा दर थोड्या वेळाने ती कानाशी नेऊन बोटाने टिचकी मारी आणि पुन्हा आचेवर धरी. हल्ली बाजारात कृत्रिम पडद्याच्या खंजिऱ्या मिळतात, त्यांना ही दगदग नाही, आणि भजनस्पर्धांतून बहुधा त्याच दिसतात. मला स्वतःला त्यांचा आवाज पत्र्यासारखा वाटतो. परंतु माझ्या आवडीनिवडीचा येथे प्रश्न नाही.

गुरुजी : तुमचा तर्क खरा असेल. पण तो माणूस वाद्य घेऊन रानातून बाहेर आला, हे तुम्ही विसरता. गुहेतच बसला असता तर तुम्ही-आम्ही त्याचे नाव ऐकले नसते. त्याने ग्रामगीता लिहिली, तिच्या एकेचाळीस अध्यायांत भजनाच्या प्रभावावर एक अध्याय आहे आणि यात्रा-मेळ्यांवरही एक आहे. दोन्ही वाचा आणि मग सांगा, जन्मस्थाने पाहत हिंडण्याचा हुकूम त्यांत कोठे आहे. मोझरीच्या प्रार्थनेपुढे मूर्ती नसते; रिकामे अधिष्ठान असते. ज्याने देवाचीही आकृती समोर ठेवली नाही, त्याच्या जन्मघराचा उंबरठा पाहून तुम्हांस काय मिळणार? आमच्याकडे पहाटे रामधून निघते, आणि ती निघण्यापूर्वी रस्ता झाडावा लागतो. रस्ता झाडणाऱ्याला त्या भजनाचा अर्थ कळतो. त्याला यावलीस जावे लागत नाही.

नाझर : मी रस्ता झाडीत नाही, हे खरे.

गुरुजी : ते मी बोललो नाही. मी माझ्या घरातली गोष्ट सांगतो. आमच्याकडे रेला गातात. मुले-मुली हात गुंफून, वर्तुळ धरून, रात्र रात्र नाचतात आणि गातात. त्या गाण्यांना कोणी कर्ता नाही. कोठे जन्मला, कोणाचा शिष्य, कोठे वारला, यांपैकी काहीही नाही. त्यामुळे गाण्यात काय उणे आले? उलट मला तर वाटते, ज्या दिवशी गाण्याला एकच जन्मगाव ठरते त्या दिवशी बाकीची गावे श्रोते होऊन बसतात.

हे शेवटचे वाक्य ऐकून मी मनातल्या मनात गुरुजींच्या बाजूने कौल देऊन टाकला होता. पण नाझरांची बुद्धी जप्तीच्या कामात घासली गेली आहे. समोरच्याच्या घरातली वस्तू समोरच्याच्याच विरुद्ध पुराव्यात कशी आणावी, हे त्यांना चांगले अवगत आहे.

नाझर : रेल्याला कर्ता नाही, कबूल. स्थळही नाही काय? मग येथून कोसभर अंतरावरच्या मेंढा गावच्या लोकांनी घोटूल कशासाठी बांधले? ऐंशीच्या दशकात त्यांनी मोडलेली चाल पुन्हा सुरू करायची म्हणून सागाचे खांब लावून घोटूल उभे केले. परवानगीवाचून लाकूड तोडले म्हणून वनखात्याने ते पाडले. आणि त्यानंतर मेंढ्याचेच नव्हे तर आसपासच्या कित्येक गावांचे लोक आपापली घोटुले बांधून मोकळे झाले. पुढे 2009 साली त्या गावाला जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, त्याची कीर्ती दूरदूर गेली. पण भांडणाचा आरंभ एका गाण्या-नाचण्याच्या जागेवरून झाला होता, हे तुम्हीच मला सांगितले आहे. गाण्याला जागा लागते, गुरुजी. तुमच्याही लागते.

गुरुजी : लागते. पण ती गाणाऱ्यांची जागा. ती पाहायला आलेल्यांची नव्हे.

दोघांच्याही बोलण्यातली धार येथे सारखी झाली, आणि माझ्यासारख्या त्रयस्थाने आपले मत दडवून ठेवण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात आणि गोव्यात संगीताची स्थळे पाहत हिंडणारे रसिक पूर्वीपासून आहेत. मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने दरवर्षी गायन होते, आणि तेथे जाणारा मनुष्य स्थळ पाहतो आणि गाणेही ऐकतो. उलट मोगूबाई कुर्डीकरांचे कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी उतरते तेव्हा तेथले चौथरे उघडे पडतात, लोक गर्दी करून पाहून येतात, आणि मोगूबाईंच्या गायकीविषयी कोणाच्याही ज्ञानात तिळमात्र भर पडत नाही. सबब स्थळास्थळांत भेद केला पाहिजे. जन्मस्थान बहुधा मुके असते, कारण तेथे गायक नुसता जन्मतो. जेथे त्याला गाण्यासाठी काही सोसावे लागले किंवा त्याच्या गाण्याने काही घडविले, ते स्थळ बोलते. या न्यायाने फेरिस्तीतील यावली मी खुशाल खोडीन, आणि चिमुराला मात्र हात लावू देणार नाही. नाझरही त्या वेळी तिकडेच वळत होते.

नाझर : चिमूर पाहा. 16 ऑगस्ट 1942, नागपंचमी. प्रभातफेरी निघते, गोळीबार होतो, सोळा वर्षांचा बालाजी रायपूरकर पडतो, आणि संध्याकाळपर्यंत सरकारचे मुलकी व पोलीस अंमलदार लोकांच्या हातून मारले जातात. त्याच दिवशी तिकडे वर्धा जिल्ह्यात आष्टीलाही उठाव होतो. मग लष्कर येते, गावातील बायामाणसांवर अत्याचार होतात, आणि त्यांच्या चौकशीसाठी गांधीजींचे अनुयायी भन्साळी यांना सेवाग्रामी दोन महिन्यांहून अधिक काळ उपोषण करावे लागते. या मुलखात आधी हिंडून भजने केली कोणी? महाराजांनी. लोक आजही म्हणतात की ती भजने ऐकून रक्त पेटले होते. सरकारचेही मत वेगळे नसावे, कारण ऑगस्टच्या अखेरीस त्यांना पकडले आणि डिसेंबरपर्यंत कैदेत ठेवले. गुरुजी, मी सरकारी नोकरीत केस पांढरे केले. खंजिरी हे सरकारला धोक्याचे हत्यार वाटले, याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणत्या गवयाला मिळाले आहे? विलायतेच्या त्या चौघांना राणीने पदक दिले. आमच्या गवयाला कोठडी मिळाली. ज्या रस्त्यावर हे घडले तो रस्ता मला पाहायचा आहे.

गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. नातवाच्या हातची खंजिरी घेऊन त्यांनी एक थाप मारली, ती त्यांच्या पसंतीस उतरली नसावी, म्हणून पुन्हा त्याच्या हाती दिली.

गुरुजी : चिमूरला जा. गोंदेड्यालाही जा, पण जंगलाचे नियम काय आहेत ते आधी विचारा. ताडोब्याचा वाघ तुमची फेरिस्त वाचणार नाही.

नाझर : त्या बीटल्सांचेही हेच झाले आहे. 1968 साली ते ऋषिकेशला ज्या आश्रमात राहिले तो पुढे ओस पडला, रान माजले, आणि आता वाघांच्या राखीव जंगलाचा भाग म्हणून वनखातेच 2015 पासून तिकीट फाडून आत सोडते.

गुरुजी : 1968 सालीच, 11 ऑक्टोबरला, महाराज गेले. असो. मोझरीचे मात्र माझे ऐका. तेथे इमारती पाहायला जाऊ नका. 1935 साली आश्रम स्थापन झाला, समाधी समोरच आहे, जवळ दासटेकडी आहे, हे सगळे अर्ध्या दिवसात पाहून होईल आणि तुमच्या वहीत एक नोंद वाढेल. जायचेच तर आश्विनातल्या पुण्यतिथीला जा. चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते. तेवढ्या लाखभर माणसांत उभे राहा आणि मग मंडळांच्या पालांतून रात्रभर खंजिऱ्या वाजतात त्या ऐका. झाडीतली मंडळे येतात, वऱ्हाडातली येतात. एकाच भजनाची चाल गावागणिक कशी बदलते हे तुमच्यासारख्या कानाच्या माणसाने ऐकण्यासारखे आहे. आणि तुमची खंजिरी बरोबर न्या. नुसते पाहायला आलेला म्हणून मी तुम्हांस कोणाच्या पालात पाठविणार नाही.

नाझर : मला चारचौघांत गाता येत नाही.

गुरुजी : मग वाजवा.

ही अट नाझरांनी मान्य केली की नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून समजेना, कारण ते चश्मा काढून फेरिस्तीचा कागद पुन्हा उलगडीत होते. गुरुजींनीही तो आता, प्रथमच, आस्थेने वाचावयास घेतला, आणि सातव्या नोंदीवर बोट ठेवले.

गुरुजी : नागपूरचा तुरुंग आहे. रायपूर कोठे आहे?

नाझर : रायपूर छत्तीसगडात गेले. मी महाराष्ट्रापुरती यादी केली.

गुरुजी : महाराजांना नागपुरात ठेवले, मग रायपूरला नेले. तेव्हा चांदा काय आणि रायपूर काय, एकाच मध्यप्रांतात होते. त्यांनी हिंदीत इतकी भजने का रचली असे तुम्हांस वाटते? पलीकडचा मुलूख त्यांना परका नव्हता. मुरूमगावाच्या पुढे माझे सोयरे आहेत, त्यांना मराठी धड येत नाही, पण महाराजांची हिंदी भजने ते आमच्याइतकीच म्हणतात. तुमची सगळी गावे मावळतीकडे, वैनगंगेच्या पार. उगवतीकडचे एकच होते आणि तेच तुम्ही गाळले.

नाझरांनी खिशातून लेखणी काढली आणि नववी नोंद चढविली. अंतराचा रकाना त्यांनी कोरा ठेवला होता, म्हणून तो मी येथे भरतो. रसिकाने या स्थळांना जावे, असाच माझा कौल आहे. पण यावलीपासून आरंभ करण्याचा शिरस्ता धानोरेकरांनी पाळू नये. त्यांनी पहिल्याने रायपूर करावे. गडचिरोलीहून आलेला रस्ता धानोऱ्यातूनच पुढे मुरूमगाव, मानपूर, मोहला आणि राजनांदगाव असा तिकडे जातो, आणि या वाटेने रायपूर मोझरीपेक्षा जवळ आहे.